घोडी 50 इंची, साज 60 इंची: वाचकांचे प्रश्न

या वेळी टपालात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मिळून घोडागाडीचेच प्रश्न जास्त आलेत. पाऊस संपला की हे दरवर्षी होतं, लोक गाडी बाहेर काढतात आणि मग कळतं की पट्टा पुरत नाहीये नाहीतर घोडी चालायलाच तयार नाही. पहिला प्रश्न मोठा आहे आणि उत्तरही मोठंच दिलंय, कारण बाकीच्या निम्म्या पत्रांची उत्तरं त्यातच येऊन जातात.

प्रश्न: काका नमस्कार. आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या आतल्या बाजूला राहतो, वडिलोपार्जित थोडी जागा आहे. दोन वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या बाजारातून मुलांसाठी छोटी घोडी आणली, 50 इंच उंच, 7 वर्षांची, एकदम गरीब. आता तिला छोटी दुचाकी गाडी जोडायची हौस आहे. एका बग्गीवाल्याकडून जुना साज घेतला, तो 60 इंची घोड्याचा होता म्हणून आम्ही पट्ट्यांना जादा भोकं पाडली. गाडी वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लोखंडी पाइपची बनवून घेतली, स्कूटरची चाकं, वजन 90 किलो. तीन आठवडे झाले. घोडी जुंपताना कान पाडते, छातीवर एका बाजूला साल निघालीय, चढावर थांबते आणि उतारावर तर उड्याच मारायला लागते. मागचा पट्टा पार गुडघ्यापर्यंत लोंबत होता म्हणून आम्ही तो काढूनच टाकला. लोक म्हणतात हट्टी आहे, चाबूक दाखवा. काय करू?

उत्तर: चाबूक नको. तुमची घोडी हट्टी नाहीये हो, तिला दुखतंय आणि तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक वाक्यात ती तेच सांगतेय.

सगळ्यात आधी गाडी बंद. छातीवरची जखम भरून तिथे नवे केस येईपर्यंत बंद, नुसती खपली धरली म्हणजे बरं झालं असं नाही, खपलीवर पट्टा घासला की दुसऱ्या दिवशी परत तेच. तोवर तिला हातात धरून फिरवा. जनावरांच्या डॉक्टरांना जखम दाखवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं ते सांगा, घोड्याच्या जातीला धनुर्वात फार पटकन धरतो, एवढ्याशा जखमेनेही.

आता साल एकाच बाजूला का निघाली ते बघू. दोन कारणं दिसतात मला. एक म्हणजे तुम्ही भोकं पाडून छातीपट्टा आखूड केलात, पण पट्टा आखूड केला की बक्कल पुढे सरकतं आणि जे बक्कल खांद्याच्या मागे असायला हवं होतं ते नेमकं खांद्याच्या हलणाऱ्या मांसावर येऊन बसतं. हात लावून बघा, जखम बक्कलच्या नाहीतर शिलाईच्या रेषेतच असणार. दुसरं कारण गाडीत आहे. तुमच्या वर्कशॉपवाल्याने जोत, म्हणजे छातीपट्ट्यापासून मागे गाडीपर्यंत जाणारे ओढायचे पट्टे, अडकवायला पुढच्या आडव्या पाइपला दोन हुक वेल्डिंग करून दिले असतील, बहुतेक जण तेच करतात. घोडी चालते तेव्हा एकदा डावा खांदा पुढे जातो, एकदा उजवा. जोत घट्ट हुकाला असलं की पट्टा जागच्या जागी धरलेला राहतो आणि खांदा त्याच्याखालून घासत जातो, प्रत्येक पावलाला, डावीकडे उजवीकडे, किलोमीटरमागे किती वेळा ते तुम्हीच बघा. म्हणून जोत कधीही थेट गाडीला नाही बांधायचं. मधोमध एकाच बोल्टवर फिरणारी एक छोटी आडवी दांडी लावायची आणि जोताची टोकं त्या दांडीच्या दोन टोकांना. दांडी दोन-तीन इंच पुढेमागे झुलली पाहिजे. लाकडाची चालेल, पाइपची चालेल, बोल्टला लॉक नट आणि वॉशर हवाच. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे आणि छातीपट्ट्याच्या गाडीला याच्याशिवाय मी घोडं जुंपत नाही.

छातीपट्टा कुठे बसवायचा ते आता नीट समजून घ्या. घोडीच्या छातीच्या दोन्ही बाजूंना हात फिरवलात तर खांद्याचं पुढे आलेलं हाड लागतं. पट्टयाची खालची कड त्या हाडाच्या वर राहिली पाहिजे. आणि वरची कड श्वासनळी जिथे छातीत शिरते त्याच्या खाली. मधे जेवढी जागा उरते तेवढीच पट्ट्याची जागा, 50 इंची घोडीला ती जागा फार नसते म्हणून मोठ्या घोड्याचा रुंद पट्टा तिला बसतच नाही, वर गेला की गळा आवळतो आणि खाली आला की खांदा अडतो. चढावर थांबते ती बहुतेक यामुळेच, जोर लावला की पट्टा वर सरकून श्वास कोंडत असणार. घोडीला मान खाली घालून गवत खाऊ द्या आणि तेव्हा पट्ट्याखाली सपाट हात घालून बघा, सहज गेला पाहिजे.

पट्टयाची उंची बरोबर असूनही तो वर सरकत असेल तर जोताचा कोन बघा. बाजूने लांब उभं राहून छातीपट्ट्यापासून मागच्या झुलत्या दांडीपर्यंत जोताची रेघ बघायची, ती जवळपास सरळ हवी, मागे जाताना किंचित खाली. दांडी फार वर लावली असेल तर ओढ लागली की पट्टा गळ्याकडे चढतो, फार खाली असेल तर मानेवरच्या पट्ट्यावर सगळा भार येतो.

आता पाठीवरची गादी. दुचाकी गाडीत घोडीच्या दोन्ही बाजूंना येणाऱ्या लांब दांड्यांचं वजन या गादीवर येतं म्हणून ती नुसती शोभेची नाही. मानेचा उंचवटा संपतो त्याच्या मागे तिची जागा आणि कण्यावर काहीही टेकता कामा नये, गादीच्या दोन उशा कण्याच्या दोन्ही बाजूंना बसल्या पाहिजेत आणि मधून पुढून मागे उजेड दिसला पाहिजे. मोठ्या घोड्याची गादी छोट्या घोडीच्या पाठीवर पसरते आणि मधला भाग कण्यावर टेकतो. तंग, म्हणजे गादी पोटाखालून बांधायचा पट्टा, कोपराच्या मागे चार बोटं सोडून, आणि त्याच्याखाली दोन बोटं सपाट जातील इतकाच घट्ट.

इथे मला वडिलांची गोष्ट सांगायचीय. ते ठाणे स्टेशनवर टांगा चालवायचे. रात्री घरी आल्यावर घोडा सोडला की आधी स्वतः पाणी नाही प्यायचे, कंदील घ्यायचे आणि घोड्याच्या ओल्या पाठीवरून तळहात फिरवायचे. सगळी पाठ घामाने भिजलेली आणि मधेच रुपयाएवढा एखादा ठिपका कोरडा लागला की तिथेच थांबायचे. मला बोलवून माझा हात त्यावर ठेवायचे, लागतंय का बघ म्हणायचे. कोरडा ठिपका म्हणजे तिथे दाब इतका होता की घामसुद्धा आला नाही. मग गादी उलटी करून बरोबर त्या जागी खडूने खूण करायचे आणि सकाळी निघायच्या आधी शिलाई उसवून तिथली लोकर काढून आजूबाजूला सरकवायचे. केस उलटे फिरलेले दिसले तर ती वेगळी गोष्ट, ते घासल्याचं. कोरडं म्हणजे दाब, केस विस्कटलेले म्हणजे घासणं. गाडी सोडल्यावर रोज पाच मिनिटं हे बघा, दुसऱ्या कुणाला काही विचारायची फारशी गरज पडणार नाही. साल निघायच्या चार-पाच दिवस आधी हे सगळं केसांवर दिसत असतं.

दुमची, म्हणजे गादीपासून शेपटीखालून जाणारा पट्टा, बसवताना शेपटीच्या मुळाखालचे सगळे केस बाहेर काढा, एक जरी केस आत अडकला तरी घोडं मागे लाथ झाडायला लागतं आणि लोकांना वाटतं बिथरलं. पाठीवरून जाणाऱ्या पट्ट्याखाली हात उभा घालता आला पाहिजे, त्याहून घट्ट नको.

आणि आता तो मागचा पट्टा जो तुम्ही काढून टाकलात. काही लोक त्याला ब्रीचिंग म्हणतात, आपल्याकडे नुसता मागचा पट्टाच म्हणतात. तो गाडीचा ब्रेक आहे हो! तो नसेल तर उतारावर गाडीचं सगळं वजन दांड्यांतून गादीवर येतं, गादी पुढे ढकलली जाते, दुमची शेपूट ओढते आणि मागून गाडी पायांवर चढते. घोडीने उड्या मारल्या नाहीत तरच नवल. लोंबत होता हे खरं, पण उपाय आखूड करणं हा होता. तुमच्या घोडीला तो शेपटीच्या मुळापासून साधारण वीतभर खाली, आडवा, जमिनीला समांतर बसला पाहिजे. फार वर असेल तर उतारावर शेपटीखाली सरकतो, फार खाली असेल तर पायच मागून ओढल्यासारखे होतात. जोत ताणलेलं असताना पट्टा आणि मांडी यांच्यामधे मूठभर जागा हवी. आणि मग गाडी हाताने पुढे ढकलून बघा, गाडीचा कुठलाही भाग घोडीला लागायच्या आधी हा पट्टा ताणला गेला पाहिजे. ही तपासणी घोडी उभी असताना सपाट जमिनीवर करायची, उतारावर जाऊन नाही.

गाडीबद्दल. दांड्यांची पुढची टोकं त्या खांद्याच्या हाडापाशी संपली पाहिजेत, त्याच्या पुढे गेली तर वळताना मानेला टोचतात. पाइपची टोकं उघडी असतील तर आजच बंद करून गोल करून घ्या, उघड्या पाइपचं टोक म्हणजे सुरीच. तुमच्या घोडीला दांडी जमिनीपासून साधारण 34 ते 36 इंचांवर येईल पण ते घोडीवरच मोजा. दोन्ही बाजूंना अंगापासून तीन-चार बोटं मोकळी. घोडीचे मागचे पाय आणि गाडीचा पुढचा भाग यांच्यात किमान दीड फूट, दुडकीत पाय मागे जातो तेव्हा कुठे लागत नाही ना ते एकाने बाजूने पळत जाऊन बघा.

स्कूटरची चाकं बदला असं मी म्हणेन. लहान चाक प्रत्येक खड्ड्यात उतरतं आणि प्रत्येक वेळी घोडीला ते उपसून काढावं लागतं, घोडबंदरच्या सर्व्हिस रोडचे खड्डे तुम्हाला मी काय सांगू. शिवाय चाक लहान म्हणजे आस खाली आणि मग दांड्या आभाळाकडे तोंड करून बसतात. मोटरसायकलची 17-18 इंची चाकं टाकलीत, बेअरिंग चांगली टाकलीत, की तीच गाडी निम्म्या जोरात हलल्यासारखी वाटेल.

मग तोल. घोडीशिवाय गाडी सपाट जागेवर घ्या, जे बसणार ते सगळे बसवा, आणि दांड्या आडव्या येतील इतक्या उचलून टोकाला हात धरा. टोकाशी तीन ते पाच किलोच वजन लागलं पाहिजे, भाजीच्या पिशवीएवढं. जास्त लागलं तर सीट मागे सरकवा. दांड्या आपोआप वर जात असतील तर सीट पुढे, कारण मग चढावर गाडी मागे कलते आणि पोटाखालचा पट्टा घोडीला वर उचलायला बघतो. सीट मागेपुढे सरकेल अशी पट्टी लावून घ्या वर्कशॉपमधूनच, कारण दोन मुलं बसली की तोल वेगळा आणि तुम्ही दोघं बसलात की वेगळा. पोटाखालचा दांड्यांचा पट्टा तंगासारखा आवळायचा नाही, तो चार बोटं सैल, दांड्या थोड्या तरंगल्या पाहिजेत.

वजन किती हे तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो. घोडीचं वजन टेपने काढता येतं. कोपराच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमधे, आणि खांद्याच्या हाडापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11880, आलं किलोमधे. घेर 142 आणि लांबी 127 असेल तर साधारण 215 किलो. तुमची गाडी 90, तुम्ही नवराबायको मिळून 130 धरा, एक मुलगी 20, झाले 240. म्हणजे घोडीच्या वजनापेक्षा जास्त आणि ते स्कूटरच्या चाकांवर. सगळं नीट बसल्यावर, डांबरी सपाट रस्त्यावर, मी तिच्या स्वतःच्या वजनाच्या वर कधी जाणार नाही आणि पहिले दोन महिने त्याच्याही बरंच खाली. म्हणजे सुरुवातीला एकटे तुम्हीच, हलकी गाडी.

शेवटचं, आणि हे मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय. जुंपायचा आणि सोडायचा क्रम. गाडी घोडीकडे आणायची, घोडीला मागे ढकलत दांड्यांत घालायचं नाही. एक माणूस तोंडाशी उभा, तो हलायचा नाही. दांड्या गादीच्या कड्यांत, मग जोत, मग मागचा पट्टा, शेवटी पोटपट्टा. सोडताना बरोबर उलटं. आणि गाडी पूर्ण सुटून मागे ओढली जाईपर्यंत लगाम तोंडातून काढायचा नाही. काहीही झालं तरी नाही. पाणी पाजायचं असलं तरी नाही. मी 22 वर्षांचा असताना बाळकुमला एका दुपारी घोडी तापली होती म्हणून बादली आणली आणि जुंपलेली असतानाच लगाम उतरवला, डोळ्यांवरची झापडं त्याच्याबरोबरच निघाली. तिने मान वळवली, आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या मागे चिकटलेलं चाक दिसलं आणि ती उधळली. माझ्या हातात नुसता लगाम. पुढच्या भिंतीला डाव्या बाजूची दांडी मोडली आणि तिच्या कुशीत घुसली. टाके पडले, जगली, पण परत कधी गाडीजवळ उभी राहिली नाही, गाडीचा आवाज आला तरी थरथरायची. तीस वर्षं होऊन गेली तरी ती बादली माझ्या डोळ्यासमोर आहे.

तर तुम्ही आता जखम भरेपर्यंत गाडीचं काम करून घ्या. तेवढ्या दिवसांत घोडीला मागून लांब दोऱ्या धरून चालवा, मग जोताला जुना टायर बांधून मोकळ्या मैदानात ओढू द्या, दोन्ही बाजूंनी, आवाजाची सवय होऊ दे. छातीपट्टा आणि गादी मात्र नवीनच घ्या तिच्या मापाने, जुन्यातलं जोत आणि लगामाच्या दोऱ्या चांगल्या असतील तर चालतील. पैसे वाचवायचेत तर घंट्या, गोंडे नका घेऊ.

प्रश्न: मी खारघरहून लिहितेय. माझा मुलगा 13 वर्षांचा आहे, त्याच्या मामाकडे पनवेलजवळ एक तट्टू आणि छोटी गाडी आहे, तो तिथे चालवायला शिकतोय. मला झापडं बघवत नाहीत, बिचाऱ्याला काही दिसतच नाही, ती काढली तर नाही का चालणार? आणि ते तट्टू सारखं तोंड उघडतं, लाळ गाळतं.

उत्तर: ताई, तुमची काळजी मला पोचतेय पण झापडं लगेच काढू नका. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात त्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं, फक्त अगदी पाठीमागचं आणि कपाळासमोरचं थोडं सोडून. निसर्गाने त्याला पळायला बनवलंय, मागून काही येतंय असं दिसलं की पळायचं. आणि गाडी तर कायम मागूनच येते. झापडं त्याला तेवढं मागचं लपवतात, पुढचा रस्ता नीट दिसतो. उघड्या डोळ्यांनी गाडी ओढणारे घोडेही असतात, पण ते पहिल्या दिवसापासून तसे शिकवलेले. झापडांची सवय असलेल्याची अचानक काढणं म्हणजे वर मी बाळकुमची गोष्ट लिहिलीय तेच. झापडं बसतात कशी ते मात्र बघा. डोळा झापडाच्या मधोमध हवा आणि पापणीपासून दोन बोटं लांब. पापण्या घासत असतील तर डोळ्यातून पाणी येतं.

लाळेचं म्हणाल तर तोंड उघडणं ही तक्रार आहे, सवय नाही. लगामाचं तोंडातलं लोखंड तोंडापेक्षा अरुंद आहे का बघा, दोन्ही बाजूंना ओठाबाहेर अर्धा सेंटिमीटर तरी यायला हवं. उंची अशी की ओठाच्या कोपऱ्यात एक सुरकुती पडेल, तीन-चार नाही. मग तोंडात हात घालायला सांगा मामांना आणि लोखंडावरून बोट फिरवायला सांगा. काटेरी लगाम असेल तर तो त्याच दिवशी फेकायचा. ओझी ओढणाऱ्या जनावरांसाठी 1965 पासून केंद्राचे नियम आहेत, त्यात काटे किंवा टोकं असलेला लगाम, साज वापरायला साफ मनाई आहे, आणि तरी तो बाजारात मिळतो आणि लोक अभिमानाने वापरतात, मला याचा फार राग येतो. लगाम गुळगुळीत असूनही तोंड उघडत असेल तर दात. दाढांना धार येते, गाल सोलतात. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून दात तपासायचे. जवळ कुणी घोड्याचं काम करणारं नसेल तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा.

आणि मुलाला सांगा की दोऱ्या पतंगाच्या मांजासारख्या धरायच्या, ढील पण द्यायची आणि सुटू पण द्यायची नाही. 13 वर्षांचं पोर एकटं गाडीवर नको, शेजारी मोठं माणूस हवंच.

प्रश्न: ठाण्यात गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत आमच्या मंडळाला छोट्या घोडागाडीत चार लहान मुलांना ऐतिहासिक वेशात बसवायचंय. घोडी भाड्याने मिळतेय, वरातीची आहे, म्हणजे आवाजाची सवय आहे. साज तोच वापरला तर चालेल ना?

उत्तर: वरातीची घोडी पाठीवर माणूस घेऊन बँडसमोर उभी राहते म्हणून ती गाडी ओढेल असं नाही. तिला मागून चाकांचा आवाज कधी आलेलाच नसतो. वरातीचा साज जरीचा असतो, ओढायचा नसतो, त्याला जोत लावलंत तर पहिल्या धक्क्याला शिलाई उसवेल आणि तेही गोखले रोडवर हजारो लोकांत. माझं स्पष्ट मत आहे, जी घोडी किमान वर्षभर गाडीला चालतेय तीच घ्या, नाहीतर गाडी माणसांनी ओढा, मुलांना तेवढीच मजा येईल आणि मंडळातल्या तरुणांना काम मिळेल.

गाडीची घोडी मिळालीच तर 1965 च्या त्याच नियमांतल्या चार गोष्टी लिहून घ्या. तट्टू दुचाकी गाडीला असेल तर हवेचे टायर असताना गाडीसकट जास्तीत जास्त 600 किलो आणि हवेचे टायर नसतील तर 400, हाकणारा आणि 6 वर्षांखालची मुलं सोडून चार माणसं, दिवसाला एकूण 9 तास आणि सलग 5 तासांच्या वर नाही, आणि तापमान 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 काम बंद. हे कायद्याचं शेवटचं टोक आहे, तिथपर्यंत जायचंच असं नाही. 50 इंची घोडीला 600 किलो ओढायला लावणाऱ्याच्या गाडीत मी माझं मूल बसवणार नाही. पाडव्याला ठाण्यात सकाळी नऊलाच दमट उकाडा असतो, घाम सुकत नाही म्हणून घोड्याचं अंग थंडच होत नाही. विसाव्याला श्वास मोजा, एका मिनिटात 8 ते 16 हा त्याचा नेहमीचा श्वास, दहा मिनिटं सावलीत थांबूनही तो भराभरच चालू असेल तर तिथेच सोडा, अंगावर पाणी मारा, यात्रा पुढे जाऊ दे. ग्लँडर्सची रक्ततपासणी झालीय का हेही मालकाला विचारा, तो रोग घोड्याकडून माणसाला होतो आणि त्याला लस नाही.

भाडं घेऊन लोकांना फिरवायचा विचार असेल, तलावपाळीवर वगैरे, तर तो वेगळा विषय. मुंबईतल्या हौसेच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या 2015 मधे उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. ठाण्यात काही करायच्या आधी महापालिकेत लेखी विचारा.

प्रश्न: उलव्याला राहतो. पावसाळ्यात चामड्याच्या साजाला हिरवी बुरशी आली. नायलॉनचा घेऊ का?

उत्तर: बुरशी ओल्या फडक्याने बाहेर उघड्यावर पुसा, मग सॅडल सोप म्हणजे चामड्याचा साबण, मग सावलीत पूर्ण सुकवा, उन्हात नाही, चामडं तडकतं. सुकल्यावर हाताने तेल, थोडंच. प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवू नका, खुंटीवर हवेत टांगा. मग प्रत्येक शिलाई दोन्ही हातांनी ओढून बघा आणि बक्कलच्या भोकांजवळ चामडं वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या तर तो पट्टा बाद. तुमच्याकडची खारी दमट हवा बघता जोत आणि मागचा पट्टा सिंथेटिक घेतलात तर हरकत नाही. पण साधं नायलॉन छातीला नको, त्याची कड कापते. घ्यायचंच तर आतून जाड सुती किंवा लोकरीचं अस्तर लावलेलं, आणि ते अस्तर रोज धुवायचं, वाळलेल्या घामाचं मीठ सँडपेपरसारखं घासतं.

प्रश्न: नाल किती दिवसांनी बदलायची? घोडा पाम बीच रोडच्या बाजूला डांबरावर चालतो. (नेरुळ)

उत्तर: चार ते सहा आठवडे. नाल झिजली नसली तरी खूर वाढलेला असतो म्हणून काढून, कापून परत बसवायची. ओल्या डांबरावर गुळगुळीत झालेली नाल घसरते, आणि गाडीला जुंपलेलं घोडं पडलं तर उठताना दांड्यांत अडकतं, त्यामुळे पहिल्या पावसाच्या दिवशी गाडी काढूच नका, रस्त्यावरचं तेल वर येतं. पडलंच तर आधी एकाने मानेपाशी बसून डोकं खाली धरायचं, मग दुसऱ्याने जोत आणि पट्टे सोडायचे, गाडी मागे ओढायची आणि मग त्याला उठू द्यायचं. गाडीत एक धारदार चाकू ठेवा, बक्कल निघालं नाही तर पट्टा कापायला.